पंधरावा जॉब कोण लावणार?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत मशीन शॉप आहे. फाउंड्रीतून ग्रे आयर्नची, म्हणजे बिडाची, कच्ची कास्टिंग (ओतीव तुकडे) येतात, एकूण चौदा प्रकारची. एक सहा अक्षांचा रोबो दोन सीएनसी टर्निंग मशीनवर जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, चढवतो-उतरवतो. जॉब बदलला की ट्रे बदलायचा, ग्रिपरची, म्हणजे रोबोच्या पंजाची, बोटं बदलायची, हात नेण्याचे पॉइंट नव्याने शिकवायचे. यात अर्धी शिफ्ट जाते. व्हेंडर सांगतो की थ्रीडी कॅमेरा आणि एआय घ्या, कास्टिंगच्या ढिगाची बिन (पेटी) आहे तशी रोबोपुढे ठेवा, तो बघून उचलेल. घ्यावं का? आणि घेतल्यावर तो खरोखर कुठलाही जॉब उचलेल का?

कॅमेरा जरूर घ्या. बिन मात्र एवढ्यात पुढे ठेवू नका. आणि कोटेशनमध्ये ‘कुठलाही जॉब’ असं लिहिलं असेल तर ते खोडून तिथे तुमचे चौदा पार्ट नंबर लिहून घ्या. मी गेली अठरा वर्षं भोसरीत हेच काम करतो. रोबोला डोळे बसवायचे, आणि दोन महिन्यांनी ते मिटले की का मिटले हे शोधायला जायचं. शिकलो ते जास्त करून दुसऱ्या कामातून.

तुमचा आजचा रोबो आंधळा आहे. तरीही तो चोख काम करतो, कारण त्याच्याभोवतीचं जग आपण बांधून ठेवलंय. ट्रेमधले खळगे, लोकेटिंग पिना, स्टॉपर, जॉब उलटा बसू नये म्हणून कुणीतरी वेल्ड केलेला तो एक तुकडा, ही सगळी त्याची काठी. 1961 साली न्यू जर्सीत जनरल मोटर्सच्या कारखान्यात पहिला युनिमेट डाय कास्टिंग मशीनपाशी उभा राहिला, त्यालाही असंच शिकवलं होतं: इथे जा, धर, तिथे सोड. तुमचा सेटर टीच पेंडंटवर, म्हणजे रोबोला शिकवायच्या हातातल्या रिमोटवर, जे करतो ते मुळात तेच. जॉब बदलतो तेव्हा रोबोला काही होत नाही, काठी बदलावी लागते. तुमची अर्धी शिफ्ट काठ्या बदलण्यात जाते. तेव्हा कॅमेऱ्याला विचारायचा प्रश्न एवढाच, की या काठीचा कुठला भाग तू काढून टाकू शकतोस? सगळी काठी एकदम फेकली की रोबो चाचपडतो, आणि लाखो रुपयांचं चाचपडणं फार जिवाला लागतं.

कास्टिंग बघून उचलणारा रोबो ही काही कालपरवाची कल्पना नाही. 1979 साली जनरल मोटर्सच्याच संशोधकांनी कॉनसाइट नावाची व्यवस्था मांडली होती. कन्व्हेयरच्या पट्ट्यावर तिरक्या कोनातून उजेडाची एक बारीक रेघ टाकायची आणि वरून कॅमेऱ्याने फक्त ती रेघ बघायची. पट्टा रिकामा असेल तर रेघ सरळ. कास्टिंग आलं की त्याच्या उंचीमुळे तेवढ्या भागातली रेघ बाजूला सरकते, कॅमेऱ्याला तिथे काळोख दिसतो. पट्टा पुढे सरकत राहतो, काप काप जोडत जॉबचा आकार तयार होतो. कास्टिंग काळं आहे, मातकट आहे, पट्टाही तसाच मळका आहे, याने काही फरक पडत नाही. त्या काळच्या कॉम्प्युटरची ताकद आजच्या स्वस्तातल्या मोबाइलच्या पासंगालाही पुरत नव्हती. तरी काम झालं ते उजेड टाकण्याच्या युक्तीमुळे. हे मुद्दाम सांगतोय, कारण व्हेंडर तुम्हाला तासभर एआय सांगेल आणि लाइटबद्दल एक वाक्य बोलेल.

आता तुमच्या शॉपमध्ये या.

माझा सल्ला असा: हेल्परने बिनमधून कास्टिंग काढून एका सपाट टेबलावर किंवा पट्ट्यावर एका थरात पसरायची. कशीही, कुठल्याही कोनात, फक्त एकमेकांवर नाही आणि सगळी एकाच बाजूवर बसलेली. वर स्थिर टूडी कॅमेरा. तीस-चाळीस कास्टिंग पसरायला माणसाला दोन-चार मिनिटं लागतात, आणि तुमची दोन्ही मशीन मिळून दोन मिनिटांना एकच जॉब खात असतील तर एकदा पसरलं की तास-सव्वा तास रोबोला काम पुरतं. एवढ्याने खळग्यांचे चौदा ट्रे भंगारात जातात. काठीचा सर्वांत महाग आणि त्रासदायक भाग गेला, आणि उरलेला, म्हणजे सपाट पृष्ठभाग आणि एक थर, जवळजवळ फुकट आहे.

पाच मेगापिक्सेलचा कॅमेरा घेतलात तर लांबीत 2448 पिक्सेल मिळतात. 600 मिलिमीटर रुंद टेबल बघायचं असेल तर एका पिक्सेलला पाव मिलिमीटर पडतो. तुमच्या कास्टिंगच्या पार्टिंग लाइनवर, म्हणजे साच्याच्या सांध्यावर, निघालेला जास्तीचा फ्लॅशच एक मिलिमीटर इकडे-तिकडे असतो, त्यामुळे याहून भारी कॅमेरा घेऊन काही मिळत नाही. खरी चूक होते उंचीत. टेबलापासून 1200 मिलिमीटरवर कॅमेरा आहे समजा. कॅलिब्रेशन, म्हणजे पिक्सेलचं मिलिमीटरशी गणित जुळवणं, टेबलाच्या पातळीवर केलं आणि जॉबची वरची कड 30 मिलिमीटर उंच निघाली, तर टेबलाच्या मध्यावर काही कळणार नाही, पण मध्यापासून 300 मिलिमीटरवर तीच कड साडेसात-पावणेआठ मिलिमीटर बाहेर सरकलेली दिसेल. डेमो नेहमी मध्यावर होतो. म्हणून प्रत्येक जॉबची उंची त्याच्या रेसिपीत, म्हणजे सेटिंगच्या नोंदीत, भरलेली असली पाहिजे, आणि कोपऱ्यातला जॉब उचलून दाखवल्याशिवाय कुणाचं काम मान्य करू नका.

दुसरी चूक रोबोच्या ब्रोशरमध्ये दडलेली असते. तिथे ±0.03 मिलिमीटर असा काहीतरी आकडा असतो आणि लोक तो अचूकता म्हणून वाचतात. ती पुनरावृत्ती आहे. गावच्या घरात लाइट गेले असले तरी तुमचा हात बरोबर देवळीतल्या काडेपेटीवर जातो ना, ती पुनरावृत्ती. पण कुणी सांगितलं, ‘दारापासून एक मीटर त्रेचाळीस सेंटिमीटर आत आणि जमिनीपासून एकशे बारा सेंटिमीटर वर हात ने,’ तर चाचपडाल. शिकवलेल्या पॉइंटवर रोबो पहिल्या प्रकारे जातो. कॅमेऱ्याने आकडा दिला की त्याला दुसऱ्या प्रकारे जावं लागतं, आधी कधीच न गेलेल्या जागी, आणि तिथे चूक मिलिमीटरभर किंवा जास्तही असू शकते. यावरचा जुना आणि साधा उपाय म्हणजे एक जॉब टेबलावर ठेवून हाताने नीट उचलायला शिकवायचं, तीच जागा कॅमेऱ्यालाही दाखवायची, आणि पुढे कॅमेऱ्याकडून फक्त फरक घ्यायचा: मूळ जागेपासून इतका सरकलाय, इतका फिरलाय. चूक मग त्या फरकापुरती उरते.

कॅमेरा आणि रोबो यांची ओळख करून देणं, म्हणजे हँड-आय कॅलिब्रेशन, हे काम फार लोक घाईत उरकतात. बुद्धिबळाच्या पटासारखा चौकटींचा बोर्ड ग्रिपरमध्ये धरून कॅमेऱ्यासमोर पंधरा-वीस वेगवेगळ्या स्थितींत दाखवायचा असतो. नवा इंजिनियर बोर्ड पुढे-मागे, डावी-उजवीकडे सरकवतो आणि तिरका करायला विसरतो. निदान दोन वेगळ्या दिशांच्या अक्षांभोवती फिरवल्याशिवाय त्या गणिताला नीट उत्तरच नसतं. सॉफ्टवेअर तरीही काहीतरी आकडा देतं, आणि तो आकडा छान हिरव्या रंगात दिसतो. त्यावर विश्वास ठेवू नका. ग्रिपरमध्ये टोकदार पिन लावा, टेबलाचे चार कोपरे आणि मध्य यांवर एकेक खूण करा, कॅमेऱ्याने खूण ओळखून रोबोने पिन टेकवायची, आणि मग स्टीलची पट्टी घेऊन स्वतः वाकून बघा. कोनातली चूक इथे लगेच उघडी पडते. एक दशांश अंश म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण एक मीटर अंतरावर ते पावणेदोन मिलिमीटर होतात.

आणि कॅमेऱ्याचा स्टँड जमिनीत काँक्रीटमध्ये अँकर करा, रोबोच्या बेसशी जोडलात तर उत्तम. मशीनच्या शीटमेटलला क्लॅम्प करून ठेवलेला कॅमेरा मी बघितलाय. फोर्कलिफ्टचा नुसता धक्का लागला होता, कुणाला आठवतही नव्हतं, आणि त्या दिवसापासून प्रत्येक उचल चार मिलिमीटर बाजूला.

आता उजेड. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझे बहुतेक ‘एआय चालत नाही’ म्हणून आलेले फोन उजेडापाशीच मिटलेत.

वाळूजच्या एका कारखान्यात आम्ही ऑगस्टमध्ये सेल, म्हणजे रोबो-मशीन-कॅमेऱ्याची जोडणी, चालू करून दिला. महिनाभर झकास. दसऱ्यानंतर तक्रार सुरू झाली: रोबो रोज दुपारी बंद पडतो. मी गेलो तो सकाळी, सगळं ठीक. दुसऱ्यांदा गेलो, पुन्हा ठीक. तेव्हा आम्ही न ओळखलेल्या जॉबचे फोटो साठवत नव्हतो, ही माझी चूक. साठवायला लागलो आणि तीन दिवसांनी फोटोंच्या वेळा बघितल्या: सगळे पावणेचार ते साडेचार. छपराच्या पत्र्यांमध्ये उजेडासाठी टाकलेली एक फायबरची शीट होती. ऑगस्टात आभाळ होतं. पाऊस संपला, सूर्य दक्षिणेकडे सरकला, आणि उन्हाचा एक चौकोन रोज पाऊण तास टेबलावरून चालत जायला लागला. जॉबच्या अर्ध्या भागावर ऊन, अर्ध्यावर सावली. सावलीची कड कॅमेऱ्याला जॉबची कड वाटायची. टेबलावर काळा पडदा टाकला, म्हणजे अँगलचा सांगाडा आणि वर काळं पॉलिकार्बोनेट, आणि तक्रार संपली. खर्च किती, तर त्या कॅमेऱ्याच्या लेन्सइतकाही नाही.

तुमच्या शॉपच्या ट्यूबलाइटही बघा. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतात. कॅमेऱ्याचं एक्स्पोजर दोन मिलिसेकंद ठेवलं तर एक फोटो उजळ येतो, एक मंद, आणि जॉब ओळखण्याचा स्कोअर उगाच वरखाली होतो. एक्स्पोजर दहा मिलिसेकंदांच्या पटीत ठेवा, किंवा स्वतःचा इतका जोरदार लाइट लावा की बाकीच्या दिव्यांना किंमतच उरू नये. मी दुसरं करतो. लाल एलईडी बार, आणि लेन्सवर फक्त तोच लाल आत सोडणारा फिल्टर.

लालच का, हेही सांगतो, कारण तुम्ही कोल्हापूरचे, पाऊस भरपूर. शॉट ब्लास्ट होऊन, म्हणजे छऱ्यांच्या माऱ्याने साफ होऊन, आलेलं ताजं कास्टिंग मस्त राखाडी, मॅट असतं. कॅमेऱ्याला याहून प्रेमळ पृष्ठभाग नाही. पण जुलैत तेच दोन दिवस यार्डात राहिलं की तांबडं होतं. माणसाला ते तेच कास्टिंग दिसतं, राखाडी फोटोंवर शिकवलेल्या कॅमेऱ्याला दुसरंच काहीतरी. लाल उजेडात गंज उजळ दिसतो आणि राखाडी लोखंडाच्या बराच जवळ येतो, दोघांतला फरक बुजतो. निळ्या उजेडात उलट, गंज काळाकुट्ट दिसतो. गंज शोधायचा असेल तर निळा, विसरायचा असेल तर लाल. मशीनिंग झालेल्या चकचकीत फेसचं दुखणं वेगळं: तो आरसा असतो, त्यात लाइटच दिसतो. तुम्ही कच्चा जॉब उचलताय तोवर ही डोकेदुखी नाही. पहिलं सेटिंग झालेला जॉब पलटून दुसऱ्यासाठी उचलायचा असेल तर मोठा, पसरट, दुधी लाइट लागेल.

एक आगाऊ सूचना. खंडेनवमीला मशीनची पूजा होते, झालीच पाहिजे. पण एका ठिकाणी कॅमेऱ्याच्या पुढच्या काचेवरही कुणीतरी श्रद्धेने कुंकवाचं बोट लावलं होतं. सुट्टीनंतर सेल सुरू केला तर प्रत्येक फोटोत मधोमध एक धूसर डाग. आम्ही रिमोटवरून दीड तास सॉफ्टवेअर तपासत होतो. आता हाताखालच्या पोरांना सांगून ठेवलंय: सप्टेंबर-ऑक्टोबरात फोन आला की आधी काच पुसायला सांगा. तेलाच्या धुक्याचंही तेच, फक्त ते रोज थोडं थोडं चढतं. काच पुसणं शिफ्टच्या चेकलिस्टमध्ये टाका.

एआयकडे वळतो. त्याने काहीच बदललं नाही असं म्हणणारे माझ्या पिढीत पुष्कळ आहेत. ते चूक आहेत. पूर्वी आपण जॉबच्या कडांचा साचा घ्यायचो आणि फोटोत तो साचा कुठे बसतो ते शोधायचो. ही पद्धत आजही एका थरातल्या स्वच्छ जॉबला उत्तम चालते, एका फोटोवर शिकते, आणि का चुकली हे समजतं. तुमच्या चौदांपैकी दहा जॉब याच्यावर निभतील असा माझा अंदाज आहे. जिथे फ्लॅश वाकडातिकडा, गंज ठिपक्याठिपक्यांचा, जॉब एकमेकांना चिकटलेले, तिथे साचा हरतो आणि शिकवलेलं न्यूरल नेटवर्क जिंकतं.

आणि शिकवण्याचा खर्चही कमी होत चाललाय. 2017 मध्ये बर्कलीच्या संशोधकांनी डेक्स-नेट 2.0 आणलं, 67 लाख कृत्रिम, म्हणजे कॉम्प्युटरमध्येच बनवलेल्या, खोलीच्या प्रतिमांवर त्याला ‘कुठे धरलं तर पडणार नाही’ हे शिकवलं होतं. वस्तूचं नाव-गाव माहीत नसताना ते धरण्याची जागा सुचवायचं. 2023 मध्ये मेटाचं सेगमेंट एनिथिंग आलं. कधीच न बघितलेली वस्तूही ते पार्श्वभूमीतून सुटी कापून देतं. 2024 मध्ये एनव्हिडियाचं फाउंडेशनपोज आलं. नव्या वस्तूचं कॅड मॉडेल दिलं की वेगळं प्रशिक्षण न देता तिची जागा आणि कोन सांगतं. म्हणजे नवा जॉब आला की पाचशे फोटो काढा, त्यावर हाताने रेघा मारा, हा जाच मागे पडतोय. रोबोला जुळवून घ्यायला शिकवण्यात गेल्या काही वर्षांत झालेली खरी प्रगती मला विचाराल तर हीच.

पण कॅड कुणाचं देणार? तुमच्याकडे ड्रॉइंग आहे ते तयार जॉबचं. रोबो उचलणार आहे कच्चं कास्टिंग: त्यावर मशीनिंगसाठी ठेवलेला दोन-तीन मिलिमीटर जास्तीचा माल, पॅटर्न (साच्याचा नमुना) वाळूतून निघावा म्हणून दिलेला ड्राफ्ट, म्हणजे उतार, आणि रायझर, म्हणजे ओतताना वर राहिलेला जास्तीचा धातू, तोडलेल्या जागी उरलेला खुंट, जो दर लॉटला वेगळा. तयार जॉबचं कॅड दिलं की सॉफ्टवेअर त्या आकृतीला कास्टिंगवर ओढूनताणून बसवतं आणि कोन चुकतो. फाउंड्रीकडून पॅटर्नचं कॅड मागा. दिलं नाही, आणि बऱ्याचदा देत नाहीत, तर फेटलिंग झालेलं, म्हणजे घासून साफ केलेलं, एक सरासरी कास्टिंग स्कॅन करून घ्या. एका दिवसाचं काम आहे, आणि चौदाही जॉबचं एकदमच उरकता येतं.

बघणं झालं की धरणं उरतं, आणि तिथे कॅमेऱ्याचं काही चालत नाही. 2015 साली सिॲटलला ॲमेझॉनची पिकिंग स्पर्धा झाली, फडताळातून पंचवीस तऱ्हांच्या वस्तू रोबोने उचलायच्या. जिंकली बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठाची टीम, आणि त्यांच्या रोबोच्या हाताला चक्क व्हॅक्यूम क्लीनरची नळी लावलेली होती. बोटांचे नाजूक हात घेऊन आलेले मागे राहिले. दृष्टीत थोडी चूक झाली तरी सक्शन ती पोटात घालतं. तुमचं लोखंड आहे, खडबडीत आहे, तिथे सक्शन नाही. पण चूक पोटात घालणारा ग्रिपर हवा, हे तत्त्व तेच. चौदा जॉब मांडून बघा: बहुतेकांना मधे बोअर, म्हणजे गोल भोक, असेल. बोअरच्या मापाने तीन-चार गट पडतील, आणि आतून उघडणाऱ्या तीन बोटांच्या, लांब स्ट्रोकच्या ग्रिपरने एकेक गट निभावेल. बोटं बदलायची ती चौदांऐवजी तीन-चार वेळा, आणि बोटं झटपट बदलणारं क्विक चेंज असेल तर मिनिटभराचं काम.

मॅग्नेटचा मोह होईल. ग्रे आयर्नला तो छान चिकटतो, कुठूनही धरता येतं. मात्र तो कधी दोन जॉब एकदम उचलतो, आणि जॉबमध्ये थोडी चुंबकता मागे राहिली की चकच्या, म्हणजे मशीनमध्ये जॉब पकडणाऱ्या भागाच्या, जबड्यात बारीक बर (लोखंडाचा कीस) चिकटून राहते, मग रनआउट जातो, म्हणजे जॉब मध्यावर फिरत नाही. मॅग्नेट वापरलात तर उचलल्यावर वजन तपासणं आणि चकमध्ये लावण्याआधी हवेचा फवारा, या दोन गोष्टी ठेवाच. आणि कुठलाही ग्रिपर असो, मधे एक लहान ठेवण-स्टँड हवा: रोबोने टेबलावरून कसाबसा धरलेला जॉब तिथे व्ही ब्लॉकवर (इंग्रजी व्हीसारख्या खाचेवर) ठेवायचा, नीट बसवायचा, पुन्हा धरायचा आणि मग चककडे न्यायचा. चकला मिलिमीटरचाही हट्ट असतो. तो हट्ट कॅमेऱ्याकडून पुरवून घेण्यापेक्षा दोनशे रुपयांच्या लोखंडी कोनाकडून घ्या.

बिनबद्दल एवढा विरोध का? ढिगातून उचलणं जमत नाही असं नाही. जमतं, आम्हीही दोन ठिकाणी केलंय. पण तिथे महागडा थ्रीडी कॅमेरा लागतो, हाताला बिनच्या भिंती चुकवत वाट काढावी लागते, एकात एक अडकलेली कास्टिंग सुटी करावी लागतात, आणि शेवटची पाच-सात कोपऱ्यातून निघत नाहीत. एका शॉपमध्ये रोबो तिथे थांबला की हेल्पर वरून नवी बिन ओतायचा. वेळ वाचायचा. चार महिन्यांनी ऑडिटच्या वेळी बिन उलटी केली तर तळाला पहिल्या दिवसाची कास्टिंग, गंजून खपल्या धरलेली, आणि हीट नंबर (माल कुठल्या ओतणीचा ते सांगणारा) त्या महिन्यातल्या कुठल्याच रेकॉर्डशी जुळेना. एकच जॉब वर्षभर हजारोंनी चालतो, मशीनचा सायकल टाइम लांब आहे, अशा ठिकाणी बिन पिकिंगचा पैसा वसूल होतो. चौदा जॉब, लहान लॉट, तुमची गरज बदलण्याची आहे. ढीग हा बदलण्याचा शत्रू.

दोन जॉब दिसायला जुळे असतील, एकाचा बॉस, म्हणजे वर आलेला उंचवटा, चार मिलिमीटर उंच, असले जोडगोळीचे जॉब प्रत्येक शॉपमध्ये असतात. तिथे कॅमेऱ्याचं खरं काम ‘नाही’ म्हणण्याचं आहे. वरून बघणाऱ्या टूडी कॅमेऱ्याला ती उंची दिसणार नाही, म्हणून ठेवण-स्टँडवर एक साधा उंची तपासणारा सेन्सर टाका. स्कोअर कमी आला की रोबोने तो जॉब सोडावा. सलग तीनदा तसं झालं की मागे जाऊन थांबावं आणि दिवा लावावा. व्हेंडरला स्कोअरची मर्यादा खाली आणून ‘चालतंय’ दाखवायचा मोह होतो. न उचललेला जॉब दोन मिनिटं खातो, चुकीचा उचललेला टूल, चक आणि कधी स्पिंडल खातो.

सुरक्षेचं थोडक्यात. हा कॅमेरा माणूस ओळखत असला तरी तो सुरक्षेचं साधन नाही. जाळी, लाइट कर्टन (किरण तुटला की रोबो थांबवणारा पडदा) किंवा सेफ्टी स्कॅनर हे रोबो-सुरक्षेच्या आयएसओ 10218 मानकाप्रमाणे वेगळंच लागतं. उलट कॅमेरा आल्यावर जास्त जपा. आंधळा रोबो रोज त्याच वाटेने जायचा, हेल्परला ती वाट पाठ होती. आता तो दरवेळी वेगळीकडे हात टाकतो. त्याच्या हालचालीची हद्द सेफ्टी कंट्रोलरमध्ये बांधून घ्या.

राहिली ऑर्डर. डेमोला व्हेंडरचे चकचकीत नमुने नकोत. तुमची कास्टिंग पोत्यात घालून न्या: ताजी, गंजलेली, फ्लॅश राहिलेली, एक-दोन तुटकी, आणि त्या जुळ्यांपैकी दोन्ही. घड्याळ लावा आणि तुमच्यासमोर नवा जॉब चढवायला सांगा: फोटो, उंची, धरण्याची जागा, चकचा प्रोग्रॅम, सगळं एका जॉब नंबरखाली. त्यांच्या इंजिनियरला चाळीस मिनिटं लागली तर तुमच्या सेटरला पहिल्यांदा तीन तास लागतील, तिसऱ्यांदा एक. हे ठीक आहे. ठीक नाही ते म्हणजे दर नव्या जॉबला पुण्याहून माणूस बोलावणं. तसं झालं तर आजची अर्धी शिफ्ट बरी होती म्हणायची वेळ येईल. स्क्रीन मराठीत मागा, पासवर्ड तुमच्याकडे ठेवा, बॅकअप कसा घ्यायचा आणि परत कसा टाकायचा हे सेटरकडून करवून घ्या.

आणि पैशांचा शेवटचा हप्ता चौदा जॉब चालले म्हणून देऊ नका. ते चालतीलच, व्हेंडर महिनाभर तिथे बसून चालवेल. दिवाळीनंतर फाउंड्रीकडून एखादं नवं कास्टिंग येईल, पंधरावं. ते रात्रपाळीत, व्हेंडरला फोन न करता, तुमच्या सेटरने लावलं आणि सकाळपर्यंत शंभर जॉब निघाले, की सकाळी चेक लिहा.